गुडघे कुरकुरतात? मग पाण्यात चला!

जमिनीवर चार पावले टाकणे ज्यांना जड जाते, त्यांना पाणी उचलून धरते. पोहता येत नसले तरी चालेल. छातीभर पाणी, धरायला कठडा आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस अर्धा तास एवढ्या भांडवलावर हा व्यायाम सुरू करता येतो.

दवाखान्यातून बाहेर पडताना हातात दोन गोष्टी असतात, गोळ्यांची चिठ्ठी आणि एक सल्ला. "रोज चालत जा, वजन उतरवा." सल्ला अगदी योग्य असतो. अडचण एवढीच, की ज्या गुडघ्यांसाठी तो दिलेला असतो ते गुडघेच चालू देत नाहीत. पहिले दोन-चार दिवस उत्साहाने फेरी होते. मग गुडघ्यावर सूज येते, जिना चढताना कळ निघते आणि नव्या कोऱ्या बुटांची जोडी पलंगाखाली जाते.

पन्नाशी-साठीच्या कितीतरी घरांतली ही कहाणी आहे. गुडघे दुखतात म्हणून चालणे होत नाही. चालणे होत नाही म्हणून मांड्यांचे स्नायू सैल पडतात आणि वजन वाढते. वाढलेल्या वजनाचा भार पुन्हा त्याच गुडघ्यांवर येतो. हळूहळू देवळात जाणे बंद होते, भाजी मुलगा किंवा सून आणते, लग्नकार्यात खुर्ची शोधावी लागते. दुखणे गुडघ्याचे असते, पण आक्रसत जाते ते सगळे आयुष्य.

हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. जमिनीवर ते तुटत नसेल, तर पाण्यात तोडता येते. हात मारत तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्याची अट इथे नाही. पाण्यात उभे राहून चालणे, पाय उचलणे, वाकणे, हात फिरवणे म्हणजेच पाण्यातला व्यायाम. 'पाण्यात पडले की पोहता येते' असे आपल्याकडे म्हणतात. या व्यायामासाठी तेवढेही यावे लागत नाही!

पाणी नेमके करते काय?

आंघोळीच्या टबात उतरलेल्या आर्किमिडीजची गोष्ट शाळेत सर्वांनीच ऐकलेली असते. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी खालून वर ढकलते आणि तिचे वजन कमी भासते. विहिरीतून घागर ओढणाऱ्या बायकांना हा नियम पुस्तकाशिवाय ठाऊक होता. पाण्यात असेपर्यंत घागर अलगद येते आणि पाण्याबाहेर निघाली की दोर हाताला काचतो.

शरीराचेही तसेच आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले, की पायांवर येणारा भार जवळजवळ निम्मा होतो. छातीपर्यंत पाणी असेल तर तो सुमारे एक तृतीयांश राहतो. मानेपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाच्या पायांवर वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. म्हणजे ७० किलो वजनाची व्यक्ती कमरेएवढ्या पाण्यात सुमारे ३५ किलोची होते, छातीएवढ्या पाण्यात २३-२४ किलोची आणि गळ्याएवढ्या पाण्यात अवघ्या ७ किलोची! हे आकडे स्थिर उभे असतानाचे आहेत. झपाझप चालताना भार थोडा वाढतो, पण जमिनीवरच्या दणक्याशी त्याची तुलना होत नाही. वर्षानुवर्षे वजन पेलून थकलेल्या गुडघ्यांना मिळणारी ही पहिली सुटी म्हणायची.

पाण्याचा दुसरा गुण विरोधाचा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे, त्यामुळे त्यातली प्रत्येक हालचाल स्नायूंना कामाला लावते. पाय पुढे नेताना पाणी अडवते आणि मागे आणतानाही अडवते. त्यामुळे मांडीच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही बाजूंच्या स्नायूंना एकाच फेरीत व्यायाम होतो. गंमत अशी, की हा विरोध आपल्याच हातात असतो. हालचालीचा वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. दुखू लागले आणि हालचाल थांबवली, की विरोधही तिथेच संपतो. व्यायामशाळेतले वजन हातातून निसटून पायावर पडू शकते. पाण्यात ती भीती नाही.

तिसरा गुण दाबाचा. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब पाऱ्याच्या ७० मिलीमीटरहून थोडा जास्त असतो. पावलांवर सर्वांत जास्त आणि वर येत जाईल तसा कमी, असा हा दाब घट्ट पायमोज्यासारखे काम करतो. पायांत साचलेले पाणी व रक्त वर सरकते आणि घोट्यांची सूज उतरायला मदत होते. मानेपर्यंत पाण्यात उभे राहिले असता सुमारे ७०० मिलिलिटर रक्त हातापायांकडून छातीकडे वळते. हृदयाला दर ठोक्याला अधिक रक्त मिळते आणि नाडी थोडी मंदावते. छातीवरही दाब येत असल्याने श्वास घेण्याच्या स्नायूंना आपोआप मेहनत होते. पाण्यात उतरल्यावर लघवीची भावना होते तीही याच बदलामुळे. म्हणून आधीच स्वच्छतागृहात जाऊन यावे, हे उत्तम.

चौथा गुण उबेचा. पाणी उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. म्हणून कोमट पाण्यात आखडलेले स्नायू लवकर सैल होतात आणि गार पाण्यात अंग तितक्याच लवकर गारठते. सांधेदुखीच्या रुग्णांना साधारण २८ ते ३१ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. रुग्णालयांतल्या उपचाराच्या टाक्यांत ते ३३ अंशांच्या वरही ठेवतात. जोरकस व्यायाम करणाऱ्या तरुणांना मात्र २६ ते २८ अंशच बरे वाटतात.

राष्ट्राध्यक्षांपासून सैनिकापर्यंत

पाण्याने बरे वाटते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे असोत की हिमाचलातले मणिकर्ण, दुखरे सांधे घेऊन लोक तिथे जातच आले आहेत. महात्मा गांधींना निसर्गोपचाराचे आणि त्यातल्या जलोपचाराचे किती वेड होते, हेही सर्वांना माहीत आहे. १९४६ च्या मार्चमध्ये त्यांनी पुण्याजवळच्या उरुळी कांचनमध्ये राहून ग्रामस्थांवर निसर्गोपचार सुरू केले आणि तिथला आश्रम उभा राहिला. मात्र कटिस्नान, ओल्या पट्ट्या किंवा गरम कुंडात बसणे वेगळे आणि पाण्यात व्यायाम करणे वेगळे. पहिल्यात पाणी माणसावर काम करते, दुसऱ्यात माणसाला पाण्यात काम करावे लागते.

या दुसऱ्या वाटेला जगभर प्रसिद्धी मिळाली ती एका राजकारण्यामुळे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओचे निदान झाले आणि कमरेखालचे बळ गेले. ऑक्टोबर १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या गावी पोहोचले. तिथल्या झऱ्याचे पाणी बारमाही सुमारे ३१ अंश उबदार असते. जमिनीवर ज्या पायांनी उभे राहता येत नव्हते, ते पाय त्या पाण्यात हलू लागले. १९२६ मध्ये रूझवेल्ट यांनी ती जागाच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी पोलिओग्रस्तांसाठी तिथे संस्था उभारली. त्यांचे पाय पूर्ववत झाले नाहीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही त्यांना आधाराशिवाय चालता आले नाही. पण उरलेल्या स्नायूंत बळ आले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उमेद आली. पाणी किती देते आणि कुठे थांबते, हे दोन्ही या उदाहरणातून समजते.

१९४९ मध्ये लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने अपंग मुलींना पोहायला शिकवता शिकवता एक पद्धत बसवली. त्या शाळेच्या नावावरून ती 'हॅलिविक' म्हणून ओळखली जाते. हवा भरलेली रिंगणे न वापरता, एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक ठेवून, आधी पाण्याची सवय, मग श्वासावर ताबा आणि मग तोल अशा पायऱ्यांनी ती पुढे जाते. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांसाठी आणि पक्षाघातानंतर तोल गमावलेल्या प्रौढांसाठी आज अनेक देशांतले फिजिओथेरपिस्ट ती वापरतात.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते आणि मुष्टियोद्धे म्हणून नाव कमावत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. तिथून ते थेट १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहोचले आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक घेऊन आले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपटही आला. प्रत्येकाला पदक मिळवायचे नसते. पण जमिनीने नाकारलेले शरीर पाण्यात काय करू शकते, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

संशोधन काय सांगते?

कौतुक आणि पुरावा यांत फरक असतो. गुडघा व खुब्याच्या झिजेवर पाण्यातल्या व्यायामाचा काय परिणाम होतो, याचा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये आढावा घेतला. १३ चाचण्या आणि ११९० रुग्ण यांची माहिती त्यात तपासली गेली. वेदना, हालचालींतली अडचण आणि जीवनाचा दर्जा या तिन्हींत थोडी पण रुग्णाला जाणवेल अशी सुधारणा दिसली. ती व्यायाम संपल्यानंतरच्या काळापुरती होती. व्यायाम सोडला की फायदा टिकतोच असे नाही, असा याचा साधा अर्थ. दात घासण्यासारखाच हा कायमचा नेम आहे.

कंबरदुखीबाबत जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली चीनमधील एक चाचणी बोलकी आहे. जुनाट कंबरदुखीच्या ११३ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाने तीन महिने आठवड्यातून दोनदा एक-एक तास पाण्यात व्यायाम केला. दुसऱ्याला विजेचे सौम्य झटके आणि शेक असे नेहमीचे उपचार मिळाले. पाण्यात उतरलेल्यांची दैनंदिन कामांतली अडचण अधिक कमी झाली आणि वर्षभरानंतरही हा फरक दिसत होता. या गटाला नेहमीचा शेक मिळाला नव्हता. हालचाल मिळाली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

टाइप-२ मधुमेहातही पाण्यातल्या नियमित व्यायामाने रक्तातील साखर आटोक्यात यायला मदत होते आणि हा लाभ साधारण जमिनीवरच्या व्यायामाइतकाच असतो. ज्याला चालवते त्याने चालावे. ज्याला चालवत नाही, त्याच्यासाठी पाण्याची वाट तितकीच चांगली आहे.

आणखी कुणाला उपयोग?

पडण्याची भीती ही म्हातारपणीची मोठी शत्रू. भीतीने पावले आखूड होतात आणि आखूड पावलांनीच तोल जातो. पाण्यात तोल गेला तरी माणूस धाडकन पडत नाही. शरीर हळूहळू कलते आणि सावरायला वेळ मिळतो. त्यामुळे एका पायावर उभे राहणे, मागे चालणे असे तोल सुधारणारे व्यायाम जाणकाराच्या नजरेखाली निर्धास्तपणे करता येतात.

गरोदरपणात डॉक्टरांची परवानगी असेल तर छातीभर पाण्यातला हलका व्यायाम फार सुखाचा असतो. पोटाचा भार पाणी उचलते, कंबरेवरचा ताण हलका होतो आणि पायांची सूज उतरते. मात्र खूप गरम पाण्याच्या टबात या काळात बसू नये.

हाड मोडल्यावर किंवा सांधा बदलल्यानंतरही पाण्यातले चालणे उपयोगी पडते. पण टाके सुकून जखम पूर्ण भरल्यावर आणि शल्यविशारदाने सांगितल्यावरच. धावपटूंना दुखापत झाली की तेही खोल पाण्यात कमरेला तरंगता पट्टा बांधून 'धावतात'. पाय तळाला टेकत नाहीत, पण छातीचा भाता चालू राहतो.

पाणी काय करू शकत नाही?

झिजलेली कूर्चा पाण्यात उतरल्याने पुन्हा उगवत नाही. अगदीच निकामी झालेल्या सांध्याची शस्त्रक्रियाही पाण्याने टळत नाही. मात्र शस्त्रक्रियेआधी मांडीचे स्नायू बळकट असतील तर नंतर उभे राहणे सोपे जाते.

हाडांचे गणित वेगळे आहे. हाडे मजबूत राहायला त्यांच्यावर भार यावा लागतो आणि पाणी तर नेमका भारच काढून घेते. त्यामुळे पाळी गेलेल्या स्त्रियांनी केवळ पाण्यावर विसंबू नये. गुडघ्यांना जरा बळ आले की जमिनीवरचे थोडे चालणे, हलकी वजने उचलणे, खुर्चीवरून उठबस यांची जोड द्यावी. पाण्याकडे असा जमिनीपर्यंत नेणारा पूल म्हणून पाहिले तर त्याचा खरा लाभ होतो.

वजन उतरवण्याबद्दलही भ्रम नको. पाण्यात उष्मांक खर्च होतात, पण गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूकही सपाटून लागते. तलावाबाहेरच्या गाडीवर वडापाव झाला, की अर्ध्या तासाची मेहनत तिथेच पाण्यात जाते!

सुरुवात कशी करावी?

पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटे पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या ते पाऊण तासापर्यंत जावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस नेम ठेवावा. पाणी छातीएवढे असावे आणि पहिले काही दिवस कठड्याच्या हाताच्या अंतरावर राहावे. शक्य असेल तर पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्टच्या किंवा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम शिकून घ्यावा.

१. चालणे : पाठ ताठ ठेवून पूर्ण पाऊल टेकवत पुढे चालावे. मग मागे आणि मग खेकड्यासारखे आडवे. पाच मिनिटे.

२. गुडघे उचलणे : कठडा धरून उभे राहावे. एकेक गुडघा सोसेल तितका वर उचलून हळू खाली आणावा. प्रत्येक पायाने १० वेळा.

३. पाय बाजूला नेणे : गुडघा सरळ ठेवून पाय बाजूला न्यावा आणि परत आणावा. नंतर मागे न्यावा. खुब्याचे स्नायू यात कामाला लागतात. १० वेळा.

४. टाचा उचलणे : दोन्ही हातांनी कठडा धरून चवड्यांवर उभे राहावे, तीनपर्यंत मोजावे, टाचा टेकवाव्यात. १० वेळा.

५. अर्धी बैठक : खुर्चीवर बसत असल्याप्रमाणे थोडे वाकावे आणि उठावे. जमिनीवर जे जमत नाही ते इथे जमते, याचा पहिला आनंद बहुधा याच व्यायामात मिळतो. ८ ते १० वेळा.

६. हात : खांदे पाण्याखाली येतील इतके वाकून हात समोरून बाजूला न्यावेत व परत आणावेत. सुरुवातीला तळवा आडवा ठेवून पाणी कापावे. बळ आले की तळवा उभा करून पाणी ढकलावे.

७. शेवट : दोन मिनिटे सावकाश चालून श्वास शांत होऊ द्यावा.

किती जोर लावावा हे ओळखण्याची खूण सोपी आहे. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नाडी मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की पाण्यात ती जमिनीपेक्षा साधारण १० ठोक्यांनी कमी भरते. जमिनीवरचा आकडा गाठण्याच्या हट्टाने दमछाक होईल. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणे नेहमीपेक्षा जास्त वाटले, तर पुढच्या वेळी वेळ कमी करावा.

पाण्यातही घाम येतो, फक्त दिसत नाही. म्हणून आधी आणि नंतर पाणी प्यावे. बाहेर येताना घाई मुळीच करू नये. पाण्याचा आधार सुटला की शरीर एकदम जड वाटते आणि काहींना रक्तदाब उतरून गरगरते. पायरीवर क्षणभर थांबून, कठडा धरून, मग बाहेर यावे. ओल्या फरशीवर रबरी तळाच्या चपला हव्यातच.

पदराला गाठ की पायाला?

गुडघेदुखी बायकांत अधिक आणि तलावावर मात्र बायका कमी, असे हे उलटे गणित आहे. 'या वयात पोहण्याचा पोशाख?' हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. तो मनातच विचारला जातो आणि मनातच त्याचे उत्तर 'नको' असे येते.

पण आता गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंतचे, पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे पोशाख मिळतात आणि तलावांवर ते चालतात. साडी, ओढणी किंवा सुती सलवार-कमीज घालून मात्र उतरू नये. कापड पाणी पिऊन जड होते, पायांत गुरफटते आणि तेच धोक्याचे ठरते. बहुतेक तलावांवर स्त्रियांसाठी राखीव वेळ असते. तिथे स्त्री प्रशिक्षक आहे का, हे आधी विचारावे. केसांना तेल न लावता ते साध्या पाण्याने भिजवून मगच टोपी घालावी, म्हणजे क्लोरीनचे पाणी केस कमी शोषतात. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर शेजारीण, नणंद, भिशीच्या मैत्रिणी असा चौघींचा गट करावा. चौघी असल्या की नेमही टिकतो आणि गप्पाही होतात.

एकेकाळी खेड्यातल्या मुली पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत असत. नातीला क्लासला सोडून काठावर बाकावर बसून राहणाऱ्या कित्येक आज्यांनी लहानपणी विहिरीत मुटके मारलेले असतील. पाणी त्यांना परके नाही. मध्येच कधीतरी ते सुटले एवढेच.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

• नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत दुखणारे, हृदय कमकुवत असलेले आणि रक्तदाब आटोक्यात नसलेले. पाण्यात रक्त छातीकडे वळत असल्याने अशा हृदयावर ताण येऊ शकतो.

• फिट येणारे. यांनी एकट्याने कधीही पाण्यात उतरू नये.

• उघडी जखम, ताप, जुलाब, त्वचेचा किंवा डोळ्यांचा संसर्ग असलेल्यांनी बरे होईपर्यंत थांबावे.

• दमेकऱ्यांना बंदिस्त तलावातल्या क्लोरीनच्या वाफेने त्रास होऊ शकतो.

• मधुमेहींनी उपाशीपोटी उतरू नये, काठावर साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. पावलांना बधिरपणा असेल तर पाण्यातले बूट घालावेत आणि बाहेर आल्यावर तळवे तपासावेत.

जीवरक्षक नसलेल्या तलावात कुणीही जाऊ नये. नदी, खाण किंवा शेततळे हे या व्यायामाचे ठिकाण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. पाण्याशी मैत्री करावी, पण ओळखीच्या पाण्याशी.

तलाव स्वच्छ आहे का, हेही पाहावे. पाणी नितळ असून तळ दिसायला हवा. क्लोरीनचा झणझणीत वास म्हणजे स्वच्छता असा समज आहे. खरे तर घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो उग्र वास सुटतो. उतरण्याआधी प्रत्येकाने साबण लावून आंघोळ करावी हा नियम त्यासाठीच असतो.

तलाव आहेत, पायऱ्या कुठे आहेत?

मुंबईत शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी जलतरण तलाव, पुण्यातला टिळक तलाव, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरचा तलाव, कोलकात्याचे कॉलेज स्क्वेअर अशी नावे त्या त्या शहरांत घराघरांत ठाऊक आहेत. या आणि अशा तलावांनी पिढ्यान्पिढ्या पोहणारे घडवले. पण आपल्याकडचे बहुतेक सार्वजनिक तलाव तरुण आणि धडधाकट माणूस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले असतात. उतरायला सरळ उभी लोखंडी शिडी असते. ज्याचा गुडघा वाकत नाही, त्याने तिच्यावरून कसे उतरावे? उथळ भाग असतो, पण तो मुलांच्या शिकवणीने भरलेला असतो. पाणी तापवण्याची सोय क्वचितच दिसते आणि उत्तरेकडे हिवाळ्यात उघड्यावरचे तलाव बंदच राहतात.

म्हणजे ज्यांना पाण्याची सर्वाधिक गरज, त्यांनाच पाण्यापर्यंत पोहोचता येत नाही. यावर फार मोठ्या खर्चाचा उपाय लागत नाही. रुंद पायऱ्यांचा एक जिना, त्याला दोन्ही बाजूंनी कठडा, घसरणार नाही अशी फरशी आणि दुपारच्या रिकाम्या वेळेत ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेला एक तास, इतके झाले तरी पुष्कळ. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरच्या तलावाचे पाणी आपसूक कोमट असते आणि गर्दीही नसते.

सोसायट्यांत, नगरपालिकांत अशी मागणी एकट्याने केली तर ती फायलीत जाते. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ किंवा हास्यक्लबच्या वीस-पंचवीस जणांनी सह्या करून अर्ज दिला तर तिची दखल घ्यावी लागते. अनेक तलावांचे व्यवस्थापक रिकाम्या वेळेचे शुल्क मिळते म्हणूनही तयार होतील.

तोवर आपल्या गावातल्या किंवा विभागातल्या तलावावर एकदा जाऊन यावे. उथळ भाग किती खोल आहे, उतरायला पायऱ्या आहेत की शिडी, राखीव वेळ कोणती, जीवरक्षक असतो का, हे चार प्रश्न विचारावेत. त्या दिवशी पाण्यात उतरले नाही तरी चालेल. डॉक्टरांना विचारून, मैत्रीण किंवा जोडीदार बरोबर घेऊन, पुढच्या आठवड्यात छातीभर पाण्यात दहा मिनिटे चालून पाहावे. गुडघे काय म्हणतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठतानाच समजेल.